औषधाआधीची प्रार्थना

माझं काम बोलण्याचं होतं, आणि मला चारचौघांत बोलता येत नव्हतं. नेमणूक करणाऱ्यांना हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माझं नागपूरच्या इंग्रजी शाळेचं प्रशस्तिपत्र पाहिलं, आमच्या घराचं ख्रिस्ती मंडळीतलं नाव पाहिलं, आणि मला चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावरच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात धाडून दिलं. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आता आम्ही सगळेच मुंबई राज्यात गेलो आहोत, आणि मी नागपुरात एका कचेरीत टंकलेखन करते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. मला हवं होतं तसंच काम मिळालं आहे. तरी सकाळी कचेरीचं दार उघडताना अजून माझा घसा आपोआप साफ होतो, समोर माणसं बसलेली असावीत तसा.

मिशनच्या या मासिकाच्या नाताळ अंकात कामाचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण कुणाचं तरी मन कसं पालटलं ते सांगतात. माझ्या बोलण्यानं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे त्या आशेनं वाचणाऱ्याचा वेळ जायला नको.

दवाखान्याची रीत अशी होती. पहाटेपासून माणसं येत. कुणी बैलगाडीनं, कुणी पायी, नदीपलीकडची डोंग्यातून. डोंगा म्हणजे एका खोडाची कोरून केलेली नाव. तिच्यात बसायचं तर श्वाससुद्धा मधोमध घ्यावा लागतो. सगळी येऊन लांब ओसरीवर बसत. मग घंटा होई. आमचे कंपाउंडर योहानभाऊ खंजिरी घेऊन एक भजन म्हणत. त्यानंतर मी खिळ्याला चित्रांची गुंडाळी टांगायची, त्यातलं एक चित्र उलगडायचं, त्यावरची गोष्ट सांगायची आणि प्रार्थना करायची. आमेन झालं की योहानभाऊ बसल्या ओळीनं पत्र्याचे बिल्ले वाटत. ज्याच्या हाती बिल्ला त्यालाच डॉक्टरीणबाई तपासत. उशिरा आलेल्यानं दुसऱ्या दिवशी यावं. म्हणजे प्रार्थनेला बसल्याशिवाय औषध नव्हतं. असं कुठं लिहून लावलेलं नव्हतं, पण ओसरीवरच्या तान्ह्या पोरालाही ते ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई विलायतेच्या. लोक त्यांना मोठ्या मिसबाई म्हणत आणि मला मिसीबाई. त्या थोराड बांध्याच्या, गुडघ्यांनी अधू, आणि कामाला वाघ होत्या. मराठी बोलत ती शुभवर्तमानाच्या जुन्या भाषांतरातली. 'हे बाई, तू आपली जीभ प्रगट कर,' असं त्या म्हणाल्या की बाया घाबरून पदरच तोंडात धरत.

माझं मराठीही फार वेगळं नव्हतं. मी प्रार्थना इंग्रजीत शिकले. त्यामुळे देवाशी बोलताना मी कायम थोडी कपडे नीट करून उभी असल्यासारखी असते. पहिले काही महिने मी समोरच्या खांबाकडे पाहून बोलत असे. खांबानं कधी तक्रार केली नाही. माणसं मात्र ऐकत होती, हे मला उशिरा कळलं. एकदा पेरणाऱ्याची गोष्ट चालू होती. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. पुढे बसलेला एक धान पिकवणारा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "येडा होता का गा तो? रस्त्यावर कोन पेरते?"

शेजारी म्हणाला, "बाप्पा, दुसऱ्याचं बी असन."

हरवलेल्या मेंढराच्या दिवशी एक गुराखी ताडकन उठला. "बाकीचे कोनाच्या भरोशावर सोडले? आमच्या इकडं एकाले पाह्यले गेलं का बिबट दुसऱ्याले नेते." आणि उधळ्या पोराच्या दिवशी, बाप धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडला असं मी सांगत असताना, खोकल्यानं बेजार झालेली एक म्हातारी मध्येच म्हणाली, "माय कुठी होती?"

"कुणाची?"

"त्या पोट्ट्याची. बाप धावला, भाऊ रुसला, वासरू कापलं. माय मेली होती का?"

मी रात्रभर तो अध्याय चाळला नाही. मला ठाऊकच होतं की त्यात आई नाही. पण त्या दिवसापासून ती गोष्ट सांगताना मी आई चुलीपाशी उभी करते. शास्त्र शिकलेली माणसं वाचत असतील तर त्यांनी मला माफ करावं.

लोकांचा मला एकच प्रश्न असे, आणि तो धर्माचा नव्हता. "मिसीबाई, तुमी पहिले कोन?" ख्रिस्ती होण्याआधी कोणत्या जातीचे, असा त्याचा अर्थ. मी खाली पाहून हसायची. न बोलण्याचा स्वभाव तेवढ्यापुरता उपयोगी पडे. पण उत्तर त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. त्या सगळ्या वर्षांत ओसरीवरच्या एकाही बाईनं मला 'घरी या' म्हटलं नाही. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की मी कंपाउंडच्या तारेपाशी उभी राहायची. गावातून धूर वर येई, ढेकीत धान कांडल्याचा आवाज येई, कुणी कुणाला हाका मारी. सकाळी ज्यांच्यापुढे मी तास तास बोलले, त्यांच्या चुलीपर्यंत जायला मला वाट नव्हती. मला त्यांना काही शिकवायचं होतं असं मी आता छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मला तिथं नुसतं बसायचं होतं.

पोळा झाला, नदीचा पूर उतरला, आणि त्याच सुमारास मला भागरताबाई दिसली.

दिसली ती ओसरीवर नाही, फाटकाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली. पन्नाशीची काटक बाई, शेजारी तिची सून पार्बती. पार्बतीचा चेहरा सुजलेला, ओठ कागदासारखे पांढरे. पोट दिसत होतं. ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती आणि डोळे मिटून श्वास घेत होती. प्रार्थना संपली, बिल्ले वाटून झाले, तेव्हा भागरताबाई आत आली. योहानभाऊ म्हणाले, "बिल्ले सरले बाई. उद्या लवकर या."

ती परत गेली. तो बुधवार होता. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी तिला फाटकात गाठलं. "घंटेच्या आधी येता, मग ओसरीवर का बसत नाही?"

"बसाची बंदी हाय आमाले."

"कुणाची?"

"पंचाइची. आमी ढिवर, नदीपल्याडचे. पंचाईनं सांगतलं हाय, जो कोनी मिशनच्या पार्थनेत बसन तो बाटला. मंग त्याले तलावात जाळं टाकू देत नाई. माह्या पोराचं पोट त्या जाळ्यावर हाय."

"आणि औषध?"

"औषधाची बंदी नाई. पार्थनेचीच हाय." आणि मग माझ्याकडे निरखून पाहून म्हणाली, "तुमच्या इथं एकाशिवाय दुसरं देत नाई, त्याले मी का करू?"

पार्बतीची दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तिसरं. हिवतापानं तिच्या अंगातलं रक्त सरलं होतं. मी डॉक्टर नाही, पण मोठ्या मिसबाईंच्या हाताखाली राहून मला एवढं समजत होतं की लिव्हरच्या सुया आणि लोखंडाचं औषध सुरू झालं नाही तर हे लेकरू राहणार नाही, आणि कदाचित पार्बतीही.

त्या काळात मिशनऱ्यांविषयी वर्तमानपत्रांतून बरंच लिहून येत होतं. औषधाच्या नावाखाली धर्म खपवतात, असं. मला ते वाचून राग यायचा. फाटकात उभं राहून त्या बाईचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, राग कशाचा येत होता? ओसरीवर घंटा आम्हीच वाजवत होतो.

पुढच्या बुधवारी मी एक बिल्ला पदरात धरून मोहाच्या झाडाखाली नेऊन दिला. मोठ्या मिसबाईंनी पार्बतीला तपासलं, सुई दिली, दर आठवड्याला यायला सांगितलं. योहानभाऊंनी लोखंडाच्या औषधाची बाटली भरली, कागदाची पट्टी कातरून तिच्यावर मात्रेच्या खुणा चिकटवल्या. बाटली पार्बतीनंच आणलेली, घासलेटची, घासून घासून चकचकीत केलेली. सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं.

पण ओसरी आंधळी नव्हती. त्याच्या पुढच्या बुधवारी घंटा झाली तेव्हा ओसरीवर निम्मी माणसं होती. उरलेली झाडाखाली. मी पाहतच राहिले. एक बाई तिथूनच ओरडली, "मिसीबाई, इथी बी बिल्ला भेटते म्हणते ना? सावली बी बरी हाय!"

ओसरीवरचा एक जण रागानं म्हणाला, "मंग आमीच काऊन कंबर मोडाव?" आणि उठून तोही झाडाकडे गेला. योहानभाऊंची खंजिरी हातातच राहिली. "बाई," ते हळूच म्हणाले, "आता भजन झाडाखाली म्हणू का इथी?"

योहानभाऊ मूळचे चिमूरचे, बेचाळीसच्या उठावातल्या. 'मी चिमूरचा हाय, गोऱ्या शिपायाले नाई भ्यालो,' असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. पण त्या दुपारी मोठ्या मिसबाईंनी मला आत बोलावलं तेव्हा ते बाटल्या धुण्याच्या निमित्तानं विहिरीवर गेले ते संध्याकाळीच परतले.

आमचं बोलणं इंग्रजीतून होई. इथं मराठीत मांडते.

"झाडाखाली बिल्ले कोण नेतं?"

"मी नेला. एक."

"का?"

"ती आजारी आहे. तिला इथं बसता येत नाही." मी पंचांचं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आजारी सगळेच आहेत. बाकीचे बसतात. नियम सगळ्यांना असावा, नाहीतर कुणालाच नसावा."

मी आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते. शाळेत नाही, घरी नाही. त्यामुळे माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. "मग कुणालाच नसावा," मी म्हणाले.

मोठ्या मिसबाईंनी लेखणी खाली ठेवली. "मी माझी माणसं सोडून इतक्या लांब आले ती नुसत्या बाटल्या भरायला नव्हे. माझ्याजवळ औषधापेक्षा चांगलं काही आहे असं मला वाटतं. ते मी न देता कशी राहू?"

"दहा कुष्ठरोगी आले होते ना प्रभूकडे," मी म्हणाले, "त्यानं दहाही जणांना बरं केलं. आधी बसा, ऐका, असं म्हटलं नाही. एकच परत आला. बाकीच्या नवांचं अंग त्यानं परत रोगट केलं नाही." मी हात पाठीमागे धरले. "औषधाच्या आधी ऐकायला लावलं की ती सुवार्ता राहत नाही, बाई. नाक्यावरची जकात होते."

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ते नऊ जण कुठे गेले, असं त्यानं विचारलं होतं. ते तू विसरलीस. त्याला वाईट वाटलं होतं." आणि पुढे, "मला रोज वाटतं."

 

त्या उठल्या. "नाताळपर्यंत करून पाहा. आधी औषध, मग तुझी गोष्ट, ज्याला हवी त्याला. किती माणसं थांबतात ते तुझं तुलाच दिसेल."

ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. घंटा झाली, बिल्ले आधी वाटले, माणसं तपासून घेऊन, बाटल्या घेऊन निघून गेली. जाताना मला वाकून नमस्कार करत होती, हे विशेष. मी चित्र उलगडलं. समोर एक म्हातारा गोंड झोपला होता. त्याला न्यायला गाडी दुपारीच येई. एक शेळी पायरी चढून वर आली. योहानभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सुरू करू का बाई? दोघं हायेत."

असे कितीतरी दिवस गेले. कधी एखादी बाई चित्रं पाहायला थांबे. "हे सारे एवढे लंबे झगे घालून राह्यले, याइले गरमी नाई होत?" एवढं विचारून तीही जाई. मला लाज वाटायची. ज्यांना मी इतकी वर्षं माझे श्रोते समजत होते, ते बिल्ल्याचे श्रोते होते. आणि तरी, हे कसं सांगावं, मला हलकंही वाटायचं. उभं राहून बोलायला कुणी नसल्यामुळे मी खाली बसू लागले. औषध तयार होईपर्यंत बाया ओसरीच्या कडेला टेकत. मी त्यांच्या शेजारी टेकायची. कोणाच्या नवऱ्याला भूतबाधा झाली, कोणाच्या भाताला कीड लागली, कोणाची लेक सासरी जात नाही. मी गोष्टी सांगत होते तोवर या गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र वाढत होती. पूर्वी कधी न आलेली माणसं येऊ लागली. ढिवरपुऱ्यातल्या बाया, ज्यांना पंचांची बंदी होती, डोंगा भरून येत. पार्बतीची सूज उतरली. ओठांना रंग आला. एका बुधवारी ती फाटकातून कुणाचा हात न धरता आली, तेव्हा भागरताबाई मागून ओरडली, "हळू वो! भरलेला हंडा हाय तो, उधळू नोको!" आणि पार्बती हसली. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

नाताळच्या तोंडावर नागपूरहून मिशनच्या कमिटीचे लोक पाहणीला आले. सकाळची गर्दी ओसरल्यावर त्यांची जीप पोचली. ओसरीवर त्या वेळी तो म्हातारा गोंड होता. नेहमीसारखा झोपलेला.

"एवढेच श्रोते?" त्यांतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

योहानभाऊ पुढे झाले. "साहेब, हे जागे असतेत तवा खूप ध्यानानं आयकतेत."

कुणी हसलं नाही. निर्णय संध्याकाळीच झाला. नव्या वर्षापासून जुनी रीत. माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे उन्हाळ्याच्या आत मी नागपूरच्या कचेरीत यावं. शिक्षा मुळीच नव्हती, पगार वाढला. मोठ्या मिसबाई कमिटीपुढे काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

भागरताबाईला मीच सांगितलं, फाटकापाशी. पार्बतीला तेव्हा आठवा चालू होता.

"मंग आमी?" ती म्हणाली.

"ओसरीवर बसावं लागेल."

"मी बसतो वो. मले का होते? म्हाताऱ्या बाईले कोन बाटवते? पन हिले बसवलं का वाळीत टाकतीन. जाळं तं जाईनच. लेकरू झाल्यावर पाचवी पुजाले एक बाई अंगनात येनार नाई." तिनं सुनेकडे पाहिलं. "आता सुया किती राह्यल्या?"

"लेकरू होईपर्यंत."

तिनं मान हलवली, मला दोष दिला नाही, आणि सुनेला घेऊन नदीकडे चालू लागली. मला धावत जाऊन काहीतरी सांगायचं होतं. काय ते आठवेना. मी तारेपाशी उभी राहिले.

नव्या वर्षातला पहिला बुधवार. घंटा झाली, भजन झालं, मी गोष्ट सांगितली, बिल्ले वाटले. ओसरी पुन्हा गच्च भरली होती. झाडाखाली कुणी नव्हतं. तपासणी संपल्यावर मोठ्या मिसबाईंनी हात धुतले, आपली चामड्याची पिशवी मिटली आणि छत्री घेतली.

"डोंगा कुठे लागतो?" त्यांनी योहानभाऊंना विचारलं.

"तुमाले कायले पायजे, मिसबाई?"

"नियम ओसरीचा आहे," त्या आपल्या ग्रंथी मराठीत म्हणाल्या. "नदीचा नियम कोणी केला नाही."

योहानभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. मी मिसबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि मागून चालू लागले.

काठावर भागरताबाईचा मुलगा डोंगा घेऊन होता. त्यात मिसबाईंना बसवायला त्यानं आणि मी, दोघांनी धरलं. गुडघे वाकत नव्हते. नाव एका अंगाला कलली. "हालू नोका मिसबाई," तो काकुळतीनं म्हणाला, "बुडलो तं मासोळ्या हासतीन मले."

ढिवरपुऱ्यात भागरताबाईच्या आंगणात पार्बतीला सुई दिली. भोवती बाया, कुडाला टेकून दोन-तीन पुरुष. सगळे आमच्या तोंडाकडे पाहत होते: आता या बोलतील. मीही सवयीनं मोठ्या मिसबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुई पुसली, पिशवी मिटली आणि म्हणाल्या, "चला." एवढंच.

परतताना नदीच्या मध्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आज मी काहीच बोलले नाही."

"हो."

"फार जड गेलं."

त्यानंतर त्या दर बुधवारी गेल्या. मीही गेले. ओसरीवरची प्रार्थना कमिटीच्या म्हणण्यानुसार चालू होती, आणि नदीपलीकडे फक्त सुई. कोणत्या ठिकाणी आम्ही प्रभूच्या जास्त जवळ होतो, हे मी इथं लिहिणार नाही. मोठ्या मिसबाई हा अंक वाचतात.

माघात पार्बतीला मुलगी झाली. घरीच, सुइणीच्या हातानं. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. निरोप घेऊन भागरताबाई स्वतः आली आणि फाटकाबाहेरूनच ओरडली, "पोट्टी हाय! काळी कुळकुळीत हाय, पन रडते कशी! पार पंचाइच्या घरापर्यंत आयकू जाते!"

बारशाच्या दिवशी मला बोलावणं आलं. त्या मुलखातलं माझं ते पहिलं आणि शेवटचं आमंत्रण. दोन दिवसांनी मी नागपूरला निघणार होते. मोठ्या मिसबाईंना ताप होता म्हणून एकटीच गेले. आंगणात बाया दाटीनं बसल्या होत्या, आतून पाळण्याचं गाणं येत होतं. पलीकडच्या कुडाशी खाटांवर पंच बसले होते, पानं लावत. मी आले तशी गाण्यात एक खंड पडला, मग ते पुन्हा सुरू झालं. मी आंगणाच्या कडेला थांबले. घरात मला कुणी बोलावलं नाही आणि मीही पाऊल पुढे टाकलं नाही. इतकं मला समजत होतं.

भागरताबाई बाहेर आली. कुशीत फडक्यात गुंडाळलेली मुलगी. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ठेव हिच्या डोस्क्यावर हात."

मी पंचांकडे पाहिलं. ते पानं लावायचे थांबले होते.

"पाहू दे त्याइले," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग त्याइच्या पुढ्यातच आंघोळ घालतो हिले. पानी तपत ठेवलं हाय. म्हनजे त्याइचं बी झालं, माह्यं बी झालं."

चुलाणावर हंडा होता, त्यातून वाफ निघत होती. माझा स्पर्श धुऊन काढायचं पाणी. तिनं ते लपवलं नव्हतं, आणि मला त्याचा राग यावा तसा आला नाही. तो यायला हवा होता असं नंतर पुष्कळदा वाटलं.

मी हात ठेवला. टाळू मऊ होती आणि तळव्याखाली उडत होती. इतकी वर्षं रोज सकाळी मी मोठ्यानं प्रार्थना केली होती, खांबाकडे पाहून, म्हाताऱ्याकडे पाहून, शेळीकडे पाहून. आता शब्द शोधू लागले तर मराठी सुचेना आणि इंग्रजीही सुचेना. मुलीनं एकदा तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपली. सगळं आंगण वाट पाहत होतं.

"का म्हटलं?" भागरताबाईनं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. "काही बोलताच आलं नाही."

तिनं एकदा हंड्याकडे पाहिलं, एकदा खाटांकडे. मग मुलीला जराशी वर उचलून माझ्या हाताशी नीट धरलं.

"मंग राहू दे अजून थोडा वेळ."